मंजूर, भरलेली, रिक्त

आपण जिल्हा परिषदेसमोरून जाताना इमारत बघतो. आमच्या गल्लीतले जागावाले अण्णा आतल्या रिकाम्या खुर्च्या मोजतात. सिव्हिल हॉस्पिटलात कुणाला बघायला गेले, तर वॉर्डात किती खाटांमागे किती सिस्टर आहेत याचा हिशेब आधी होतो आणि मग पेशंटकडे वळून, ‘‘बरं आहे ना आता?’’ पेशंट बरं आहे म्हणतो. अण्णा मान हलवतात. ‘‘नशीब म्हण. निम्म्या जागा भरलेल्याच नाहीत इथं.’’ पेशंटचा ताप परत चढतो.

अण्णांच्या लेखी जगाला तीनच रकाने आहेत : मंजूर, भरलेली, रिक्त. प्रत्येक गावात, प्रत्येक तालुक्याला असा एक माणूस असतोच. कुठं तो निवृत्त मास्तर असतो, कुठं झेरॉक्सवाला, कुठं एसटी स्टँडावरचा पेपरविक्रेता. ‘जागा सुटल्यात’ ही बातमी शासनाच्या आधी त्याला कळते, असा त्याचा आणि गावाचाही समज असतो. आमचे अण्णा सोलापूरचे. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गल्लीत पोस्टमनसुद्धा ‘जागावाले’ म्हणूनच हाक मारतो.

अण्णांचा दिवस पहाटे टपरीवर सुरू होतो. चहा अर्धा, पेपर चार. पहिल्या पानाकडे ते बघतही नाहीत. मंत्रिमंडळात कोण आलं, कोण गेलं हे त्यांना दुपारी वहिनींकडून कळतं. पाटबंधारे खात्यात शिपाई किती घेणार, हे मात्र सूर्य उगवायच्या आत. जाहिरात दिसली की खिशातून छोटी कात्री निघते. टपरीवाल्यानं पेपरची आशा केव्हाच सोडली आहे. अडचण वाचनालयात होते. तिथल्या पेपरला चौकोनी खिडकी दिसली, की अण्णा येऊन गेले हे ग्रंथपालाला कळतं. नेमकं जाहिरातीच्या पाठीमागं शब्दकोडं असतं आणि ते सोडवायला रोज एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. या दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद आहे. तरी मुख्याध्यापकांच्या नातीला आरोग्य खात्याची जाहिरात अण्णांनीच नेऊन दिली होती. पाठीमागं कोडं होतंच. ते अर्धं सोडवलेलं होतं.

कात्रण घरी आलं की वहीत चिकटतं. वही दोनशे पानी, पट्टीनं आखलेली, मथळे लाल शाईत. जाहिरात क्रमांक, खातं, पदं, त्यात सरळसेवेची किती, पदोन्नतीची किती, वयोमर्यादा, फी आणि शेवटची तारीख. शेवटच्या तारखेखाली दोन रेघा. मोबाईलवर ‘पोस्टात मेगाभरती! दहावी पास! लगेच फॉरवर्ड करा!’ असा मेसेज आला, की पोरं वही बघायला धावतात, कारण अण्णांचा एक नियम पक्का आहे : ‘‘जाहिरात क्रमांक कुठाय? क्रमांक नाही ती जाहिरात नाही बे, ती अफवा.’’ या एका वाक्यानं गल्लीतल्या किती पोरांचे पैसे भामट्यांपासून वाचले असतील, त्याचा आकडा मात्र अण्णांच्या वहीत नाही.

हे वेड त्यांना लागलं ते गिरणीत. सोलापूरच्या एका कापडगिरणीत अण्णा टाइम ऑफिसात कारकून होते. 1959 च्या कायद्याप्रमाणे पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेलाही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्या लागत. शिवाय दर तिमाहीला ईआर-वन नावाचं विवरणपत्र भरायचं : मागच्या तिमाहीला माणसं किती, आता किती, जागा किती रिकाम्या, किती भरल्या. बाकीचे कारकून हा कागद शेवटच्या दिवशी खरडायचे. अण्णा तो दागिना घडवल्यासारखा भरायचे. त्या कायद्यातली गंमत ते आजही रंगवून सांगतात. जागा कळवणं सक्तीचं, पण कार्यालयानं पाठवलेल्या उमेदवाराला घेणं सक्तीचं नाही. आणि न कळवल्याचा दंड पहिल्या खेपेला जास्तीत जास्त पाचशे रुपये. ‘‘म्हणजे बघ की, जावई शोधतोय हे गावाला सांगायचं, पण दारात आलेल्या पोराला पाणीसुद्धा नाही विचारलं तरी चालतं.’’

पुढं गिरणी आटत गेली. दर तिमाहीला अण्णांच्या फॉर्मातला ‘आता किती’चा आकडा ‘मागच्या वेळी किती’पेक्षा लहान होत गेला. तो त्यांच्याच हातानं, त्यांच्याच सुबक अक्षरात. शेवटी माणसं पंचविसाच्या खाली आली आणि फॉर्म भरायची गरज संपली. मग अण्णांचीही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलत नाही. ‘‘कायदा पंचविसापासून सुरू व्हायचा. आम्ही चोवीस होतो,’’ एवढंच म्हणतात आणि चष्मा पुसतात.

आमच्या पिढीनं अण्णांचा खरा धाक अनुभवला तो सेवायोजन कार्यालयाच्या एम्प्लॉयमेंट कार्डाच्या दिवसांत. दहावीचा निकाल लागला की पेढ्याआधी कार्ड. मग दर तीन वर्षांनी नूतनीकरण. अण्णांना गल्लीतल्या प्रत्येकाच्या नूतनीकरणाचा महिना पाठ असे. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता ते नवऱ्या मुलाच्या कानाशी लागत, ‘‘कार्ड रिन्यू केलंस का?’’ नवरी बिचारी भलताच अर्थ काढी. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचं नाव असंच वर्षानुवर्षं नोंदवहीत चालू राहिलं. दुकान जोरात, दोन पोरं हाताखाली, आणि सरकारी दफ्तरी हा कामाच्या शोधात. उलट खेड्यातून आलेली, कार्ड कशाशी खातात हेही ठाऊक नसलेली शेकडो पोरं त्या दफ्तरात कुठंच नाहीत. म्हणून नोंदणीच्या आकड्याला बेकारांचा आकडा समजू नये, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांआधी आम्हाला अण्णांनी शिकवलं, दुकानदाराकडं बोट दाखवून. दुकानदार तेव्हा साखर तोलत होता. काटा हलला.

आता सेवायोजन कार्यालयासमोरची रांग गेली, नोंदणी ‘महास्वयम’ पोर्टलवर गेली, कार्यालयाच्या पाटीवर कौशल्य विकास, उद्योजकता असे भारदस्त शब्द आले. अण्णांना पाटीचं काही नाही. त्यांची तक्रार एवढीच, की पोर्टलसमोर रांग लागत नाही, त्यामुळे माणसं मोजता येत नाहीत.

अण्णांचा धर्मग्रंथ म्हणजे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’. जिल्हा सांख्यिकी कार्यालयानं काढलेलं हे पुस्तक सामान्य माणूस हातात धरत नाही. अण्णा ते चातुर्मासात लावतात. तालुकावार तक्ते, कारखाने, कामगार, नावनोंदणी, अधिसूचित जागा, भरलेल्या जागा. एकदा तक्त्यातली बेरीज जुळली नाही म्हणून त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तर आलं : ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ अण्णा खूश. ‘‘सही शिक्का आहे बघ. नाही म्हणाले, पण लेखी म्हणाले.’’ अशा लेखी नकारांची त्यांच्याकडं एक स्वतंत्र फाईल आहे. ती ते पाहुण्यांना चहानंतर दाखवतात. त्यामुळं पाहुणे हल्ली चहा नको म्हणतात.

घोषणांच्या बाबतीत अण्णांची स्मरणशक्ती पुढाऱ्यांना परवडणारी नाही. 2018 साली राज्यात 72 हजार पदांची मेगाभरती जाहीर झाली. 2022 मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त 75 हजार पदं भरायचं ठरलं. सगळे त्यातलं राजकारण बोलत होते. अण्णा वहीत वजाबाकी करून म्हणाले, ‘‘चार वर्षांत तीन हजारांची वाढ. घोषणेत तरी झाली की!’’ 2023 मध्ये तलाठ्याच्या 4,644 जागा निघाल्या आणि दहा लाखांवर अर्ज आले. अण्णांनी भागाकार पाटीवर लिहून टपरीला टांगला : एका जागेमागं सव्वादोनशे. मग खुल्या वर्गाला हजार आणि राखीव वर्गाला नऊशे रुपये फी, असा गुणाकार सुरू केला, तेव्हा टपरीवरची पोरं एकेक करून उठली. सगळ्यांनी फी भरलेली होती.

पण अण्णांच्या आयुष्यातला मोठा दिवस वेगळाच. एप्रिल 2017 पासून देशभर श्रमबलाची कायम पाहणी चालते. नमुन्यात निवडलेल्या घरी कर्मचारी येतो, टॅबवर माहिती भरतो. एका वर्षी अण्णांचं घर निवडलं गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निवडयाद्या वाचलेल्या माणसाची अखेर निवड झाली. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, वह्या टेबलावर रचल्या, वहिनींना शिरा करायला सांगितला.

आलेला पोरगा पंचविशीतला, स्वतःच कंत्राटी. अण्णांनी आधी त्याचीच चौकशी केली : कंत्राट कितीचं, वाढ कधी, भत्ता मिळतो का. शिरा संपल्यावर तो मूळ कामाला लागला. घरात माणसं तीन : अण्णा, वहिनी आणि एमपीएससीची तयारी करणारा, अभ्यासिकेत दिवस काढणारा भाचा.

‘‘हा लिहून घ्या. एम. ए. झालेला, बेकार,’’ अण्णांनी भाच्याकडं हात केला.

‘‘मागच्या आठवड्यात काही काम केलं का?’’ पोरानं विचारलं.

‘‘काम कसलं? रविवारी मामीच्या शेंगाचटणीची पाकिटं भरली तेवढी,’’ भाचा म्हणाला.

‘‘किती वेळ?’’

‘‘तास-दीड तास.’’

पोरानं टॅबवर बोट फिरवलं. वहिनी घरी शेंगाचटणी नि कडक भाकऱ्या करून विकतात. म्हणजे घरचा उद्योग आला. त्यात बिनपगारी का होईना, आठवड्यातल्या एखाद्या दिवशी एक तास जरी हात लावला, तरी त्या आठवड्यापुरता माणूस रोजगारात धरला जातो.

‘‘म्हणजे हा बेकार नाही?’’ अण्णांचा आवाज चिरकला.

‘‘नाही काका. तास भरला ना.’’

‘‘आणि पाकिटं भरली नसती तर?’’

‘‘काम शोधतोय किंवा मिळालं तर करीन म्हणाला असता, तर बेकार. नुसता अभ्यास करतोय म्हणाला असता, तर श्रमबलाच्या बाहेर. जो काम शोधत नाही आणि मिळालं तरी करायला तयार नाही, तो बेकारांत येत नाही.’’

अण्णा खुर्चीत मागं टेकले. मग पोरगा त्यांच्याकडं वळला. काम करता का? ‘‘पहाटेपासून रात्रीपर्यंत.’’ कसलं? अण्णांनी वह्यांकडं हात दाखवला. पैसे मिळतात? नाही. पैशाचं काम शोधताय, मिळालं तर कराल? नाही. पोरगा ओशाळून म्हणाला, ‘‘मग काका, तुम्ही श्रमबलाच्या बाहेर.’’

घरात रीतसर कमावती निघाल्या त्या वहिनी. त्यांनी पदराला हात पुसले आणि तीस वर्षांचं उट्टं एका वाक्यात काढलं, ‘‘ऐकलं का? ह्या घरात मंजूर एक, भरलेली एक. बाकी सगळे अतिरिक्त.’’

अण्णा आठवडाभर टपरीवर फिरकले नाहीत. फिरकले तेव्हा नवं ज्ञान घेऊनच. ‘‘बेकार व्हायलासुद्धा पात्रता लागते रे. पंधरा वर्षांवरच्यांत देशाचा बेकारीचा दर 2017-18 ला 6 टक्के होता, 2023-24 ला 3.2 वर आला. आता त्यात नोकरी लागली म्हणून किती कमी झाले, चटणीची पाकिटं भरली म्हणून किती, नि कंटाळून कामाचा नादच सोडला म्हणून किती, ते वेगवेगळं बघायला पाहिजे का नको?’’ टपरीवाला म्हणाला, ‘‘अण्णा, मी कशात?’’ ‘‘तू स्वयंरोजगारात. उधारी वसूल कर आधी.’’

अण्णांना काळवेळाचं भान कमी, हे मात्र गल्लीतलं एकमत आहे. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात ते मुलाला पगार विचारत नाहीत. ‘‘कायम का कंत्राटी? पेरोल कुणाचा?’’ विचारतात. एका मुलाकडं ओळखपत्र एका कंपनीचं, पगार दुसरीकडून नि काम तिसऱ्याच ठिकाणी निघालं. लग्न मोडता मोडता राहिलं. एकदा शेजारचे एक सरकारी नोकर ड्यूटीवर असतानाच गेले. स्मशानात सगळे मान खाली घालून उभे आणि अण्णा त्यांच्या मेव्हण्याच्या कानात, ‘‘गट क का ड?’’ मेव्हण्यानं त्यांना तिथंच झापलं. गल्लीनं महिनाभर अण्णांशी बोलणं तोडलं. दिवसकार्य आटोपल्यावर मात्र अनुकंपा नियुक्तीचा अर्ज, कागदपत्रांची यादी आणि ‘एका वर्षाच्या आत’ या शब्दांखाली दोन रेघा असलेला कागद घेऊन त्या घरी पहिले पोचले अण्णाच. त्या बाई आज नोकरीत आहेत. वहीत त्यांचं नाव शाईनं आहे.

कारण अण्णांची आणखी एक वही आहे, गल्लीतल्या पोरापोरींची. कायम नोकरी शाईनं, कंत्राटी पेन्सिलीनं. अलीकडं पानंच्या पानं पेन्सिलीची झाली आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये बाह्ययंत्रणेकडून माणसं घेण्याचा शासन निर्णय निघाला तेव्हा अण्णांनी पेन्सिलींचा डबा आणला. पुढच्याच महिन्यात तो रद्द झाला, तर म्हणाले, ‘‘निर्णय रद्द झाला, पेन्सिल नाही.’’ आणि डबा जपून ठेवला. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे. त्याचं नाव पेन्सिलीनं आहे. मुलाला ते लागतं. ‘‘बाबा, माझा पगार तुमच्या शाईवाल्यांच्या तिप्पट आहे,’’ तो म्हणतो. अण्णा म्हणतात, ‘‘असेल. नोटीस पिरियड किती?’’

आमच्याकडं पहिल्या पगाराला पेढे वाटतात. अण्णांकडं पगारपत्रक न्यावं लागतं. ते बेसिक बघत नाहीत, निव्वळ रक्कम बघत नाहीत. कपातीच्या रकान्यात व्यवसाय करावर बोट ठेवतात. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. मग दुष्काळ, रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे, ती हमी चालवायला 1975 पासून बसलेला हा कर, 1977 चा हमीचा कायदा आणि 26 जानेवारी 1979 पासून त्याची अंमलबजावणी, असा सगळा पाठ होतो. ‘‘मुंबईतल्या साहेबाच्या पगारातून पैसे कापून दुष्काळी तालुक्यातल्या बाईला काम देणारं राज्य आहे हे आपलं. देशानं नंतर घेतलं ते. तुझे दोनशे गेले म्हणून रडू नको. तू आता देणाऱ्यांत आलास.’’ अण्णांच्या तोंडून एवढंच कौतुक निघतं. ते ऐकायला पोरं पगारपत्रकाची झेरॉक्स घेऊन येतात.

अण्णा कुणालाही ‘नोकरी लागेल’ असं म्हणत नाहीत. आशा दाखवायचे पैसे घेणारे क्लास शहरात गल्लोगल्ली आहेत. अण्णा फक्त तारीख सांगतात. खुल्या वर्गाला 38, मागासवर्गाला 43 ही वयाची मर्यादा त्यांना गल्लीतल्या प्रत्येकाच्या जन्मतारखेशी जुळवून पाठ आहे. एखादा त्या उंबरठ्याशी आला, की त्याच्या दारावरून जाताना त्यांची चाल मंदावते. त्याला काही बोलत नाहीत. त्याच्या आईला मात्र वहिनींकरवी शेंगाचटणीचं पाकीट जातं, आणि कधी पाकिटात परीक्षेच्या फीचे पैसेही. ही नोंद कुठल्याच वहीत नाही. आम्हाला ती भाच्याकडून कळली. पाकिटं तोच भरतो.

तुमच्या गल्लीतही असा एक जण असणार. तो नको तिथं नको ते विचारील, तुमच्या पेपराला खिडक्या पाडील, लग्नाच्या पंगतीत बेकारीचा दर सांगेल. वैतागा, पण त्याला टाळू नका. घरातल्या पोराची जन्मतारीख एकदा त्याच्या वहीत लिहून येऊ द्या. जाहिरात निघाल्याचं तो सांगेल. त्यानं दोन रेघा मारलेली तारीख मात्र तुम्ही पाळा. मुदत वाढेल या भरवशावर राहू नका, आणि भरलेली फी परत मिळत नाही.